नव्याने पॉलिश केलेल्या गाडीतील लाकडाला पुन्हा तडे जात असतील तर

गाडीच्या डॅशबोर्डवरील अक्रोडाच्या लाकडाला केसासारखे बारीक तडे जातात, म्हणून मालक ती पट्टी हौसेने काढतो, घासतो, तिच्यावर नव्या लॅकरचे, म्हणजे पारदर्शक चकाकत्या लेपाचे, पाच-सहा हात चढवतो, ती आरशासारखी झाली की समाधानाने परत बसवतो, आणि दुसरा उन्हाळा सरायच्या आत पूर्वीचाच तडा पूर्वीच्याच जागी उमटतो. हा अनुभव मी स्वतः दोनदा घेतला आहे. पहिल्या वेळी मी लॅकरला दोष दिला आणि दुसऱ्या वेळी अधिक कडक, अधिक महाग लॅकर वापरले. त्याने तडा थांबला तर नाहीच, उलट पूर्वीपेक्षा रुंद झाला. तिसऱ्यांदा पट्टी हातात घेतली तेव्हा ती प्रथमच नीट उलटी करून उजेडात धरली आणि कारण समोर आले.

ती पट्टी अ‍ॅशट्रेच्या शेजारची होती. तिच्या मागच्या बाजूला प्लायवुड उघडे होते, त्यावर पॉलिशचा एकही हात नव्हता. स्क्रूच्या भोकाभोवती अंगठ्याच्या नखाएवढे काळपट वर्तुळ होते, तेथे नखाने दाबले तर लाकूड किंचित दबत होते, आणि भोकाच्या तोंडाशी प्लायचे पापुद्रे भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले होते. पट्टी सुलटी करून पाहिली तर पुढचा तडा नेमका या वर्तुळाच्या काठापासून निघाला होता. गाडीत कोठेही गळती नव्हती. ते पाणी मीच घातले होते. शेवटच्या चकाकीसाठी २००० नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, सँडपेपर पाण्यात बुडवून मी तासभर घासत होतो आणि दर वेळी थोडे थोडे पाणी त्या उघड्या भोकात उतरत होते. लाकूड फुगले, पुढे गाडी उन्हात तापल्यावर आकसले, आणि वरच्या कडक थराला त्या हालचालीबरोबर जाता आले नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की पुन्हा पुन्हा येणाऱ्या तड्याचे मूळ चकाकणाऱ्या बाजूला शोधण्यात वेळ घालवू नये. ते पट्टीच्या पाठीत, कडांमध्ये आणि भोकांमध्ये असते, किंवा पूर्ण न काढलेल्या जुन्या थरात असते. पुढे जे लिहिले आहे ते याच दोन गोष्टींच्या अनुषंगाने आहे.

पट्टीची घडण

अशा गाड्यांतील पट्टी भरीव लाकडाची क्वचितच असते. साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, प्लायवुडवर, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकवर चिकटवलेले असते आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, जो कारखान्यातील पॉलिएस्टर लॅकरच्या बाबतीत व्हिनिअरइतकाच जाड भरू शकतो. म्हणजे आपण ज्याला लाकूड म्हणून हात लावतो ते प्रत्यक्षात काचेसारखा एक थर, त्याखाली पुठ्ठ्याएवढे लाकूड आणि त्याखाली तिसराच पदार्थ असे असते, आणि हे तिन्ही उष्णतेने व ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात हलतात.

लाकूड ओलाव्याने त्याच्या तंतूंच्या रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र चांगलेच फुगते आणि आकसते. त्यामुळे १९८० च्या दशकातील मर्सिडीज गाड्यांमध्ये दिसणाऱ्या झेब्रानोसारख्या सरळ पट्ट्यांच्या आफ्रिकी लाकडात तडे रेषेला समांतर आणि सरळ जातात. जुन्या जॅग्वार किंवा रोल्स-रॉईसमधील अक्रोडाच्या गाठीचे व्हिनिअर याहून अवघड असते, कारण गाठीत रेषा दर बोटभर अंतरावर दिशा बदलतात, काही ठिकाणी तर त्या उभ्या कापल्या जाऊन त्यांची टोके वर येतात. तेथे लाकूड सर्व बाजूंना ओढते आणि तडे नकाशावरील नद्यांसारखे पसरतात. गाठीच्या ज्या सौंदर्यासाठी ते लाकूड निवडलेले असते तेच सौंदर्य त्याचा कच्चा दुवाही असते, हे लक्षात ठेवून त्याला हळुवारपणे वागवावे लागते.

अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न उष्णतेचा आहे. ४० सेंटिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ५० अंश सेल्सिअसने तापली तर ती सुमारे अर्धा मिलिमीटर लांब होते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला एवढा फरक रोज सोसावा लागतो. शिवाय कडेतून ओलावा आत गेला तर पत्र्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती व्हिनिअरला खालून उचलते. वरून हा दोष फक्त एका धूसर डागासारखा दिसतो.

तडा कशाचा आहे हे ओळखणे

पट्टी गाडीत असतानाच अर्धे निदान करता येते. खोलीत अंधार करावा तसा गाडीत करून टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवा प्रकाश टाकावा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पृष्ठभाग किंचित वर उचललेला दिसला तर खालचे व्हिनिअर सुटले आहे. पृष्ठभाग सपाट राहून फक्त रेघ दिसली तर तडा लॅकरपुरता असण्याची शक्यता जास्त. त्यानंतर तड्याच्या आजूबाजूला नखाने हलकेच टकटक करत जावे. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ, आणि हा फरक एकदा कानाला कळला की सुटलेल्या भागाची हद्द पेन्सिलीने जवळजवळ अचूक आखता येते.

नव्याने केलेल्या कामात दोष कसा दिसतो यावरूनही बरेच कळते. रेषेला धरून गेलेला किंवा भोकापासून, कोपऱ्यापासून निघालेला तडा ओलाव्याचा असतो. सुसरीच्या पाठीसारखी जाळी सर्वभर पसरली असेल तर थर गरजेपेक्षा जाड झाला आहे, किंवा खाली राहिलेल्या जुन्या लॅकरवर त्याच्याशी न जुळणारे नवे लॅकर चढवले आहे. कडेपासून पापुद्रा निघत असेल तर पकड धरलेली नाही. थर तडकलेला नाही, पण काही महिन्यांत चकाकी बसून लाकडाची छिद्रे पुन्हा दिसू लागली असतील, तर दोन हातांमध्ये पुरेसा वेळ न दिल्याने थिनर, म्हणजे लॅकर पातळ करणारे द्रावण, आत अडकून राहिला होता आणि तो सावकाश उडून गेल्यावर थर खाली बसला. फवारणीनंतर लगेच दिसणारा दुधाळपणा हवेतील दमटपणामुळे येतो, आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडले असतील तर सिलिकॉन लागले आहे. डॅशबोर्ड चमकवण्याच्या पुष्कळशा द्रावणांत सिलिकॉन असते आणि वर्षानुवर्षे ते तड्यांतून लाकडात मुरलेले असते.

एक गोष्ट मात्र घासायला सुरुवात करण्याआधी नक्की तपासावी. पट्टीची उघडी कड भिंगाखाली धरली असता लॅकर आणि खालचा पाया यांच्यामध्ये लाकडाची बारीक तपकिरी रेघ दिसली पाहिजे. ती नसेल, आणि तीच गाठ किंवा तीच रेषा दुसऱ्या पट्टीवर हुबेहूब आढळत असेल, तर ते लाकूड नसून छापील आवरण आहे. ते घासले की नक्षी कायमची जाते.

पट्टी काढताना

येथे घाई केली की नवा तडा आपल्याच हाताने जातो. डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि दरवाज्यांच्या आसपास एअरबॅग असतात, म्हणून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबूनच हात घालावा. पट्टी ओढण्यापूर्वी तिचे लपलेले स्क्रू शोधावेत. ते बहुधा अ‍ॅशट्रेच्या आत, एसीच्या जाळीमागे, गिअरच्या चामडी खोळीखाली किंवा स्विचच्या चौकटीमागे असतात. पट्टी हलत नसेल तर स्क्रू राहिला आहे असेच समजावे, जोर लावू नये.

क्लिप थंडीत ठिसूळ होतात, त्यामुळे गाडी उबदार असताना काम करावे. शेजारच्या चामड्यावर आणि प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपच्या अगदी जवळून उचलावे. दोन क्लिपांच्या मध्ये उचलले तर पट्टी वाकते आणि लॅकर तेथेच तडकते. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने जागा लिहावी. डावी-उजवी जोडी पुष्कळदा एकाच लाकडाच्या लागोपाठच्या पापुद्र्यांतून, पुस्तकाच्या उघडलेल्या पानांसारखी जुळवलेली असते, म्हणून त्यांतील एक तुकडा खराब झाला तर बाजारातून आणलेला दुसरा तुकडा कधीच जुळत नाही.

जुना थर उतरवणे

सर्वांत आधी पट्टी मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, दर वेळी स्वच्छ कापड घेऊन, तीन-चार वेळा पुसावी. हे काम घासण्यापूर्वी करायचे असते, कारण सिलिकॉन वर असताना पेपर चालवला की ते लाकडात दाबले जाते आणि मग कितीही पुसले तरी पूर्ण निघत नाही.

जुने लॅकर तड्यापुरते काढून बाकीचे ठेवावे असा मोह होतो, कारण उरलेला भाग चांगला दिसतो. तो मोह टाळावा. जुना थर ठिसूळ झालेला असतो, त्यात नजरेस न दिसणारे ताण असतात, आणि नव्या थरातील थिनर त्याच्या सांध्यात शिरला की सांधा काही महिन्यांत रेघेसारखा वर येतो. थर पूर्णच उतरवावा.

त्यासाठी माझी पसंती धारदार पात्याच्या स्क्रॅपरला आहे. हीट गन कमी तापमानावर ठेवून, एका जागी न थांबवता फिरवत, हाताला जेमतेम सोसेल इतपतच थर कोमट करावा आणि पाते निजवून पुढे सरकवावे. पॉलिएस्टरचा जुना थर अशा वेळी काचेच्या कपच्यांसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. उष्णता वाढवली तर काम झपाट्याने होते खरे, पण व्हिनिअरखालचा गोंदही मऊ होतो आणि जे सुटले नव्हते ते सुटते. पेंट रिमूव्हर वापरायचा असेल तर तो कडांच्या आत आणि भोकांत जाऊ देऊ नये. तो तेथे राहून गेला की नव्या थराची पकड खातो.

स्क्रॅपरने लाकूड लागू लागले की थांबावे आणि उरलेली धूसर जाळी २४० नंबरच्या पेपरने, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून, हातानेच काढावी. यंत्र येथे नकोच. अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरमध्ये कडेशी यंत्राला आरपार जायला काही क्षण पुरतात. थर संपत आला आहे हे ओळखण्याची खूण अशी की लॅकरची भुकटी पांढरी पडते आणि लाकडाची तपकिरी. भुकटीचा रंग बदलला की हात हलका करावा. मधेच फिकट, निस्तेज ठिपका दिसू लागला तर तो गोंदाचा थर आहे, आणि त्या जागी एकही घासा अधिक देऊ नये.

वाळवणे, चिकटवणे आणि पाठ बंद करणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि तडा येथूनच परत येतो.

लॅकर उतरवलेली पट्टी कोरड्या, हवेशीर खोलीत उभी ठेवावी आणि रोज ठराविक वेळी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तिचे वजन करून लिहून ठेवावे. वजन उतरत आहे तोवर पाणी बाहेर पडत आहे. माझ्या त्या पट्टीचे वजन नऊ दिवस थोडे थोडे घटत राहिले आणि मग स्थिर झाले. त्याआधीच्या दोन्ही वेळी मी तिला एक रात्रही दिली नव्हती. वाळवण्यासाठी उन्हात ठेवू नये, एका बाजूने वाळले की पट्टी वाकते.

वजन स्थिर झाल्यावर सुटलेल्या भागांत पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद, सुईच्या सिरिंजने सोडावे, वर प्लॅस्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून शिकंजाने बेताचे दाबावे. पाण्यात मिसळलेला पांढरा सुतारी गोंद येथे दोन कारणांनी नको: तो लाकडात पुन्हा पाणी घालतो, आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर मऊ पडतो. व्हिनिअरलाच चीर गेली असेल तर इपॉक्सीत लाकडाच्या छटेचा थोडा रंग मिसळून ती चीर आताच भरावी. लांबी (पुट्टी) भरू नये, पारदर्शक लॅकरखाली ती कायम डागासारखी दिसते.

त्यानंतर पाठ. मागची संपूर्ण बाजू, चारही कडा आणि प्रत्येक भोकाची आतली भिंत पातळ इपॉक्सीने किंवा लाकडाची छिद्रे बंद करणाऱ्या सीलरने भिजवावी. भोकांसाठी कानातील कापसाची काडी उत्तम चालते; ती भोकात फिरवली असता लाकूड द्रव पिते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा फिरवावी आणि पिणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. माझ्या पट्टीतील त्या काळपट भोकाने चार वेळा पिऊन घेतले. पुढच्या बाजूची तीक्ष्ण कड ४०० नंबरच्या पेपरने एक-दोन हलके हात फिरवून मोडावी, कारण ओले लॅकर धारेवरून मागे सरकते आणि तेथे थर नेहमी पातळ राहतो. ओलावा नंतर शिरतो तो याच जागेतून.

रंग आणि लॅकर

अक्रोड उन्हाने फिकट होतो, म्हणून खिडकीजवळची पट्टी मधल्या पट्टीपेक्षा उजळ निघणे स्वाभाविक आहे. छटा जुळवायच्या असतील तर सर्व तुकडे एकत्र मांडून, त्यांवर पांढऱ्या स्पिरिटसारख्या सावकाश उडणाऱ्या थिनरचे कापड फिरवावे; तो ओला असेपर्यंत लाकूड लॅकरखाली जसे दिसेल तसे दिसते. रंग उन्हात टिकणारा घ्यावा आणि एकदम गडद न करता दोन फिक्या हातांत द्यावा. पाण्यातील रंगाने लाकडाचे रोम उभे राहतात आणि ओलावाही जातो, म्हणून मी तो टाळतो.

दोन भागांचे पॉलियुरेथेन लॅकर, म्हणजे हार्डनर (कडक करणारा घटक) घालून वापरायचे लॅकर, या कामाला योग्य आहे, कारण ते पॉलिएस्टरपेक्षा लवचीक राहते. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा प्रकार मात्र पाहून घ्यावा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची फवारणी श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि नीट वायुवीजन असलेली जागा लागते. ही सोय नसेल तर बाकी सर्व काम स्वतः करून फक्त फवारणी रंगकाम करणाऱ्या कार्यशाळेकडे सोपवावी. त्यात काही कमीपणा नाही, कामाचा अवघड भाग तोवर झालेला असतो.

पातळ तीन हात, मध्ये उत्पादकाने सांगितलेला वेळ, मग निदान आठवडाभर विश्रांती, ३२० नंबरने सपाट करणे आणि पुन्हा दोन हात, एवढे पुरते. मूळच्या जाड काचेसारख्या खोलीसाठी दहा-बारा हात चढवू नयेत. थर जेवढा जाड तेवढा तो लाकडाबरोबर हलायला नाखूश असतो. शेवटचा हात पुरता पिकायला दोन आठवडे द्यावेत आणि मगच १२०० व २००० नंबरने घासून कंपाऊंडने बफिंग, म्हणजे चकाकीची घासाई, करावे. ओले घासण्यापूर्वी भोके मागून-पुढून मेणाने किंवा टेपने बंद करावीत, पाण्यात पेपर बुडवून निथळू द्यावा, आणि दर काही मिनिटांनी पट्टी कोरडी पुसावी.

परत बसवताना

पाच हातांच्या लॅकरने पट्टीची कड किंचित जाड झालेली असते, त्यामुळे ती जागेत आधी कोरडी बसवून पाहावी. जेथे घट्ट वाटते तेथे पट्टीला नव्हे, मागच्या प्लॅस्टिकच्या खाचेला घासून जागा करावी. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा जराशी मोठी असू द्यावीत, डोक्याखाली नरम वॉशर घालावा आणि स्क्रू टेकला की पाव फेऱ्याहून अधिक आवळू नये, म्हणजे तापल्यावर पट्टीला सरकायला वाव राहतो. भोक मोठे केले तर त्याची नवी भिंत पुन्हा सीलरने भिजवायला विसरू नये. क्लिपा सैल झाल्या असतील तर त्या वाकवून घट्ट करण्यापेक्षा नव्या घालाव्यात, कारण जास्त ताणलेली क्लिप पट्टीला एकाच बिंदूवर ओढत राहते.

पहिले काही आठवडे गाडी सावलीत उभी करावी किंवा काचेला आतून पडदा लावावा. पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा संपल्यावर, अशी वर्षातून दोनदा, टॉर्चचा आडवा प्रकाश आणि नखाची टकटक पुन्हा करावी. भोकाजवळ आवाज पोकळ येऊ लागला आणि वर अजून रेघ उमटलेली नसेल, तर पट्टी तेव्हाच काढून मागून इपॉक्सी सोडले की पुढचे लॅकर उतरवावे लागत नाही.